दोन सेटमधली तीन मिनिटे

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत. ठाणे, नाशिक, पिंपरी-चिंचवड, शहर कोणतेही असो, मध्यम आकाराच्या जिममध्ये या वेळी पाय ठेवायला जागा नसते. ट्रेडमिलपाशी रांग, केबल मशीनपाशी दोघेतिघे ताटकळलेले. स्क्वॉटचा रॅक एकच आहे आणि त्यावर प्लेट्स चढवलेला रॉड ठेवलेला आहे. रॉडखाली मात्र कोणी नाही. ज्याचा तो रॉड, तो तरुण शेजारच्या बेंचवर बसून मोबाइल पाहतो आहे. पलीकडच्या बेंचवर त्याचा टॉवेल आणि पाण्याची बाटली आहे, म्हणजे तोही अडवलेलाच.

थोड्या अंतरावर पंचावन्न-साठ वयाच्या एक बाई उभ्या आहेत. तपासणीत हाडांची घनता कमी आढळली म्हणून डॉक्टरांनी त्यांना वजन उचलण्याचे व्यायाम सुरू करायला सांगितले आहेत. त्या पाच मिनिटे थांबतात, आणखी तीन मिनिटे थांबतात. कानांत इअरफोन घालून बसलेल्या अनोळखी मुलाला हटकायचे कसे, हे त्यांना कळत नाही. शेवटी कोपऱ्यातले दोन किलोंचे डंबेल्स घेऊन त्या जमेल ते करतात आणि घरी जातात. असे चार-सहा वेळा झाले की जिमला जाणे आपोआप बंद पडते. वर्षाची फी मात्र आधीच भरलेली असते.

या दृश्यातली माणसे बदलतात, दृश्य तेच राहते. त्याकडे सहसा ‘हल्लीच्या मुलांना रीतभात नाही’ एवढ्याच नजरेने पाहिले जाते. त्यात तथ्य असेलही. पण प्रश्न केवळ रीतीभातीचा नाही. जिममधले साहित्य वाटून वापरण्याचे जे शिष्टाचार आहेत, त्यांतल्या जवळपास प्रत्येकामागे शरीरशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे किंवा आरोग्याचे साधे कारण आहे. ते कारण समजले तर शिष्टाचार पाळणे सोपे होते आणि तो पाळावा असा आग्रह धरणेही सोपे होते.

विश्रांती शरीराला हवी, रॅकला नाही

आधी त्या मोबाइल पाहणाऱ्या तरुणाची बाजू. दोन सेटच्या मध्ये तो बसून राहतो, यात त्याची काहीच चूक नाही. जड वजन उचलताना स्नायूंना पहिल्या काही सेकंदांत लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून मिळते. तो स्नायूंत फारच थोडा साठवलेला असतो आणि फॉस्फोक्रिएटिन हे दुसरे संयुग तो झपाट्याने पुन्हा तयार करून देते. सहा-आठ जोरकस आवर्तनांत फॉस्फोक्रिएटिनचा साठा बराच खाली येतो. तो भरून निघायला वेळ लागतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा साठा परत येतो, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे जातात. तोवर घाई केली तर पुढच्या सेटमध्ये आवर्तने कमी होतात किंवा उचलण्याची ढब बिघडते.

२०१६ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीपासून वजने उचलणाऱ्या २१ तरुणांना त्यांनी आठ आठवडे एकच व्यायाम दिला. फरक ठेवला तो फक्त विश्रांतीचा. एका गटाला दोन सेटमध्ये एक मिनिट, तर दुसऱ्याला तीन मिनिटे. तीन मिनिटे थांबणाऱ्या गटाची ताकद जास्त वाढली आणि स्नायूंची वाढही त्यांच्यात सरस दिसली. अभ्यास लहान आहे, पण जड व्यायामात दोन-तीन मिनिटे थांबावे, या प्रशिक्षकांच्या जुन्या सल्ल्याशी तो जुळतो. म्हणून गर्दीच्या जिममध्ये ‘बसून काय राहतोस, उरक लवकर’ असे कोणाला म्हणणे योग्य नाही.

पण याच शास्त्राची दुसरी बाजू अशी, की ही तीन मिनिटे त्या तरुणाच्या मांड्यांना हवी आहेत. रॅकला त्यांची काही गरज नाही. त्या वेळात रॅकवर दुसरे कोणी उभे राहिले तर याच्या स्नायूंतला साठा भरायचा थांबत नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. तिघांना प्रत्येकी पाच सेट करायचे आहेत. एका सेटला ४० सेकंद लागतात आणि मध्ये ३ मिनिटे विश्रांती. एकट्याने रॅक अडवून केले तर एकाला १५ मिनिटे २० सेकंद लागतात. त्यात रॉड प्रत्यक्ष हलतो ३ मिनिटे २० सेकंद. उरलेली १२ मिनिटे रॅक नुसता उभा असतो. तिघांनी एकामागून एक केले तर शेवटचा मोकळा होतो ४६ मिनिटांनी.

आता तिघांनी आळीपाळीने केले, तर सेटचे ४० सेकंद आणि प्लेट्स बदलायला आणखी ४० सेकंद धरून एकाची पाळी ८० सेकंदांची होते. तिघांचा फेरा ४ मिनिटांत पुरा होतो. प्रत्येकाला दोन सेटमध्ये ३ मिनिटे २० सेकंद विश्रांती मिळते, म्हणजे हवी होती त्याहून थोडी जास्तच. पाच फेरे २० मिनिटांत संपतात. पहिल्याला एकट्यापेक्षा जेमतेम सव्वा मिनिट जास्त लागते आणि तिसऱ्याची २५ मिनिटांहून अधिक वाचतात. जिमच्या मालकाला दुसरा रॅक विकत घ्यावा लागत नाही आणि कोणाला व्यायामात काटछाटही करावी लागत नाही.

‘मी फार जड उचलतो, मला पाच मिनिटे लागतात,’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो खरा असू शकतो. पण ज्याला पाच मिनिटांची विश्रांती हवी, त्याच्या दोन सेटमध्ये दुसऱ्याला जागा अधिक आहे, कमी नाही.

‘मध्ये एक सेट मारू का?’

आळीपाळीने करण्याची सुरुवात कोणी तरी विचारल्यावर होते आणि नेमके तेच अनेकांना जड जाते. विचारण्याची वेळ महत्त्वाची आहे. समोरचा रॉड खांद्यावर घेऊन उभा असताना किंवा छातीवर उतरवत असताना त्याला हाक मारू नये. जड वजन उचलताना माणूस श्वास रोखून पोट आणि पाठ घट्ट करतो. त्या क्षणी छातीतला दाब आणि रक्तदाब दोन्ही खूप चढलेले असतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकडुगल यांच्या अभ्यासात पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतला रक्तदाब व्यायाम चालू असताना थेट मोजला होता. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना त्यांची सरासरी ३२०/२५० पर्यंत गेली होती. निरोगी शरीर हा क्षणिक चढ पेलते. पण अशा क्षणी लक्ष विचलित झाले, मान वळली किंवा श्वास मध्येच सुटला तर इजा होऊ शकते. रॉड हुकांवर ठेवला गेला, दोन-चार श्वास झाले, की मग विचारावे.

प्रश्नही साधा असावा. ‘दादा, किती सेट राहिलेत? मध्ये एक-एक सेट मारू का?’ एवढे पुरते. ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नात तक्रार डोकावते; ‘मध्ये करू का?’ या प्रश्नात समोरच्याला उठवण्याचा भाव नसतो. ऐकणाऱ्यानेही आकड्यात उत्तर द्यावे. ‘दोन राहिलेत, पाच मिनिटांत मोकळा होतो’ हे चांगले उत्तर आहे. ‘झालंच’ हे उत्तर नव्हे, कारण त्याचा अर्थ एक मिनिटापासून अर्ध्या तासापर्यंत काहीही निघतो.

प्रत्येक वेळी वाटून घेणे शक्य असते असेही नाही. सहा फुटी माणसासाठी लावलेले हुक पाच फुटी व्यक्तीसाठी चार-पाच भोके खाली आणावे लागतात. एकाच्या रॉडवर १४० किलो आणि दुसरीला नुसता रॉड हवा असेल, तर दर पाळीला सहा प्लेट्स उतरवून पुन्हा चढवण्यातच दम निघतो. कोणा स्त्रीला अनोळखी पुरुषाबरोबर पाळी लावणे नकोसे वाटू शकते आणि त्याचे कारण तिने सांगायची गरज नाही. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्यात वावगे काही नाही. फक्त त्यासोबत किती सेट उरलेत ते सांगावे आणि झाले की थांबलेल्या व्यक्तीला बोलावून जागा द्यावी. विचारल्यावर नाही म्हणणे चालते. विचारताच येऊ नये अशा थाटात बसणे चालत नाही.

एका माणसाने गर्दीच्या वेळी दोन-तीन साधने अडवणे, हा याचाच पुढचा प्रकार. छातीचा एक सेट, लगेच पाठीचा एक सेट, याला सुपरसेट म्हणतात. वेळ वाचवण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. पण सकाळी अकराच्या रिकाम्या जिममध्ये जे सहज जमते, ते संध्याकाळी साडेसातला चौघांचा खोळंबा करते. गर्दीत सुपरसेट करायचाच असेल तर एक बेंच आणि डंबेल्सची एक जोडी यांत बसेल असा निवडावा. त्या बेंचवर डंबेलने छातीचा आणि पाठीचा, दोन्ही व्यायाम होतात.

मोबाइलचा मुद्दाही शिष्टाचारापेक्षा घड्याळाचा आहे. तीन मिनिटांची विश्रांती ठरवली असेल तर तीन मिनिटांचा गजर लावावा. एक व्हिडिओ संपून दुसरा सुरू झाला, की तीनाची सहा मिनिटे कधी होतात ते कळत नाही. त्यातून स्नायूंना विशेष काही मिळत नाही आणि वाट पाहणाऱ्याचा वेळ जातो.

प्लेट्स, रॉड आणि तोल

साहित्य वाटून वापरताना दोन-तीन माणसे एका रॉडभोवती वावरतात, वजन सतत बदलत राहते. इथे शिस्तीचा संबंध थेट सुरक्षिततेशी येतो.

प्रमाण मापाचा मोठा रॉड २० किलोंचा आणि सुमारे २.२ मीटर लांब असतो. रॅकच्या दोन हुकांवर तो टेकलेला असतो आणि प्लेट्स दोन्ही बाजूंना हुकांच्या बाहेर लटकतात. एका बाजूच्या सगळ्या प्लेट्स उतरवल्या आणि दुसऱ्या बाजूला तीन-चार मोठ्या प्लेट्स तशाच राहिल्या, तर भरलेल्या बाजूचा हुक टेकूसारखा काम करू लागतो. बागेतल्या सी-सॉवर एका टोकाला मोठा माणूस बसावा तसे होते. रिकामे टोक क्षणात वर उसळते आणि जवळ उभ्या असलेल्याच्या हनुवटीवर किंवा डोळ्यावर बसते. किती वजनाला रॉड उलटेल हे हुकांमधल्या अंतरावर ठरते. अंतर जितके कमी तितका तो लवकर उलटतो. म्हणून नियम सोपा ठेवावा: प्लेट्स चढवताना आणि उतरवताना एक इकडची, एक तिकडची. दोघे आळीपाळीने करत असतील तर एकेकाने एकेक टोक धरावे. वेळही वाचतो आणि तोलही राहतो.

रॉडच्या टोकांना लावायचे लॉक गर्दीत बरेचदा विसरले जातात. लॉक नसेल आणि रॉड किंचित तिरका झाला तर प्लेट घसरते, एक बाजू हलकी होते आणि वरचाच प्रकार माणूस रॉडखाली असताना घडतो. रॅकला आडव्या सुरक्षा-दांड्या असतील तर त्या स्वतःच्या उंचीप्रमाणे लावून घेणे हाही पाळीचाच भाग आहे. आधीच्या माणसाच्या उंचीला लावलेल्या दांड्या आपल्या कामाच्या असतीलच असे नाही.

बेंच प्रेसला रॉड छातीवर अडकला तर एकट्याने सुटणे अवघड असते आणि तो गळ्यावर घसरला तर जिवावर बेतू शकते. म्हणून जड सेटला डोक्याशी कोणी तरी उभे असावे. आपल्याकडच्या जिममध्ये याला ‘सपोर्ट’ म्हणतात. सपोर्ट मागणाऱ्याने आधी दोन गोष्टी सांगाव्यात: किती आवर्तने करणार आणि हात कधी लावायचा. देणाऱ्याने त्याआधी रॉडला हात लावू नये आणि सेट संपून रॉड हुकांवर बसेपर्यंत नजर हटवू नये. आळीपाळीने करण्याचा मोठा फायदा इथे दिसतो. पाळीची वाट पाहणारा माणूस आपोआप सपोर्टला हजर असतो. एकट्याने रॅक अडवणारा हा फायदा गमावतो.

राहिला प्लेट्स जागेवर ठेवण्याचा विषय. रॉडवर तशाच सोडलेल्या १०० किलो प्लेट्स उतरवणे पंचविशीतल्या मुलाला कंटाळवाणे वाटते. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा नुकतीच सुरुवात केलेल्या व्यक्तीला २० किलोंची प्लेट छातीच्या उंचीवरून काढता येत नाही. तिच्यासाठी तो रॅक बंदच झाला. जमिनीवर सोडलेले डंबेल्स ही तर ठेच लागण्याची हमखास जागा. पाठीमागे पाऊल टाकून रॉड खांद्यावर घेणाऱ्याला ते दिसतही नाहीत.

घाम, टॉवेल आणि गजकर्ण

बेंच पुसून ठेवावा हे सगळ्यांना माहीत आहे, पाळतात थोडे. प्रश्न किळस येण्यापुरता नाही. त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू खरचटलेल्या जागेतून आत शिरले तर गळवे येतात. त्यांचा काही औषधांना दाद न देणारा प्रकार खेळाडूंमध्ये पसरल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या सेंट लुइस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघात २००३ साली पाच खेळाडूंना असा संसर्ग झाला. तपासात जी कारणे पुढे आली, त्यांत मैदानावर घासून झालेल्या जखमा आणि एकमेकांचे टॉवेल वापरणे ही होती.

भारतात याहून जवळचा प्रश्न गजकर्णाचा आहे. गेल्या काही वर्षांत साध्या मलमाला दाद न देणारे, पुन्हा पुन्हा उलटणारे गजकर्ण देशभर वाढले आहे. त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असे नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. त्वचेचा त्वचेशी संपर्क आणि टॉवेल, कपडे यांची देवाणघेवाण यांतून ती पसरते. घामाने ओले राहिलेले अंग तिला मानवते.

यातून निघणारे नियम मोजके आहेत. स्वतःचा टॉवेल आणावा, तो बेंचवर अंथरून व्यायाम करावा, कोणाला देऊ नये. उठताना बेंच आणि मुठीची जागा पुसावी. जखम झाकावी. अंगावर गजकर्ण असेल तर दुकानातून मलम आणून दडवण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज तात्पुरती थांबते आणि रोग वाढतो. जिममधून निघताना हात साबणाने धुवावेत. आळीपाळीने वापरायला अनेक जण कचरतात ते या भीतीने. ही भीती अनाठायी नाही. पण तिचा उपाय रॅक अडवणे हा नसून कापड आणि जंतुनाशक हाताशी ठेवणे हा आहे.

तालमीत हे कोणी शिकवले?

साहित्य थोडे आणि माणसे फार, ही स्थिती महाराष्ट्राला नवी नाही. तालमीत मल्लखांबाचा खांब एकच असतो. त्यावर एक जण चढतो, बाकीचे रांगेत उभे राहून पाहतात, पडणाऱ्याला सावरायला पुढे होतात. आपली पाळी संपली की खाली उतरायचे, हे तिथे कोणी लिहून लावत नाही. जोडी, करेला, मुद्गल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खणून मोकळी करणे, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती राखणे हे काम सगळ्यांचे असते. वयाने आणि अनुभवाने मोठा असलेला वस्ताद समोर उभा असतो. त्याच्या देखत कोणी साधन अडवून बसू शकत नाही.

त्या परंपरेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. बहुतेक तालमींचे दार स्त्रियांना बंद होते आणि साठीच्या माणसाने पहिल्यांदा व्यायाम सुरू करण्यासाठी त्या नव्हत्या. जिमने हे दार सर्वांना उघडले, ही तिची मोठी देणगी आहे. पण दार उघडताना पाळीची शिस्त मागे राहिली. तालमीत मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना येई आणि पाहून शिके. जिममध्ये तिशीतला माणूस फी भरून थेट रॅकपाशी येतो. त्याला यंत्र कसे चालवायचे ते सांगितले जाते. यंत्र इतरांबरोबर कसे वापरायचे ते कोणी सांगत नाही. मग आपण पैसे भरलेत म्हणजे तेवढा वेळ यंत्र आपले, असा समज होतो. प्रत्यक्षात शेजारी थांबलेल्यानेही तेवढेच पैसे भरलेले असतात.

मागे कोण राहते?

या सगळ्यात नुकसान कोणाचे होते, हा खरा प्रश्न आहे. धडधाकट, ओळखीपाळखीचा, रोज येणारा तरुण आपली जागा मिळवतोच. मागे राहतात त्या नवख्या स्त्रिया, ज्येष्ठ, मधुमेही, दुखण्यातून उठलेले. आणि वजन उचलण्याची निकड त्यांनाच सर्वांत जास्त असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक प्रौढाने आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याच्या आणि ताकदीच्या व्यायामांची भर आठवड्यातून किमान तीन दिवस घालावी. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खुर्चीतून हात न टेकता उठणे, बसच्या पायऱ्या चढणे, घसरल्यावर स्वतःला सावरणे, हे सारे त्या स्नायूंवर अवलंबून असते.

सुरुवातीच्या दृश्यातल्या बाईंना दोन किलोंचे डंबेल्स का पुरत नाहीत, याचेही उत्तर संशोधनात आहे. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता कमी झालेल्या १०१ स्त्रियांवर ‘लिफ्टमोर’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रॉडने डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि खांद्यांवरून वर ढकलण्याचे व्यायाम केले आणि सोबत उडीचा एक व्यायाम. वजन हळूहळू वाढवत ते त्यांच्या कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर नेले, पाच सेट आणि पाच आवर्तने. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कण्याच्या खालच्या भागातली हाडांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. अर्थात, हे देखरेखीखाली झाले होते. हाडे ठिसूळ झालेल्या कोणीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय थेट जड वजनाला हात घालू नये. पण मुद्दा स्पष्ट आहे. त्या बाईंना औषधासारखा हवा होता तो रॅक आणि रॉडच. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत रॅक रिकामा उभा असतो, तेवढा वेळ त्यांना पुरला असता.

फलक हवा, आणि ट्रेनरचे तोंडही

हे सगळे सदस्यांच्या सद्बुद्धीवर सोडून चालणार नाही. विचारणारा नवखा आणि अडवणारा जुना असेल, तर नुसत्या फलकाने काम होत नाही. वस्तादाची जागा आज ट्रेनरची आहे. ‘संध्याकाळी सहा ते नऊ रॅक आणि बेंच आळीपाळीनेच वापरायचे’ असा नियम जिमने करावा, तो मराठीत ठळक लिहून रॅकवरच लावावा आणि ट्रेनरने स्वतः दोन माणसांची ओळख करून देऊन पाळी लावून द्यावी. ‘सर, यांचे तीन सेट आहेत, तुमचे चार, दोघे मिळून करा,’ एवढे त्याने म्हटले की विचारण्याचा संकोचच उरत नाही. नवा सदस्य आला की पहिल्याच दिवशी प्लेट्स कशा उतरवायच्या, सपोर्ट कसा मागायचा, बेंच कसा पुसायचा हे दहा मिनिटांत शिकवावे. प्रत्येक रॅकपाशी जंतुनाशक आणि कापड ठेवणे, प्लेट्ससाठी पुरेसे स्टँड देणे, भिंतीवर सेकंदकाटा असलेले मोठे घड्याळ लावणे, हा खर्च एका ट्रेडमिलच्या तुलनेत किरकोळ आहे. जानेवारीत सवलत देऊन जागेच्या दुप्पट सदस्य करून घेणाऱ्या जिमने निदान एवढे तरी करायलाच हवे.

बाकीचे काम आधीपासून रॅकवर असलेल्याचे आहे. विचारण्याचा भार नेहमी थांबणाऱ्यावरच का असावा? सेट संपल्यावर मोबाइल उचलण्याआधी मान वर करून आजूबाजूला पाहायला दोन सेकंद लागतात. कोणी तरी घुटमळत असेल तर म्हणावे, ‘काकू, रॅक हवाय का? माझे तीन सेट राहिलेत. मी प्लेट्स काढून देतो, तुम्ही मध्ये करून घ्या.’ त्याची विश्रांती पुरी होईल आणि काकू पुढच्या आठवड्यातही येतील.